साडेसोळा मिलिमीटरांचा लोहमार्ग आणि महामारी

सन २०२० च्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरालगतच्या राष्ट्रीय प्रदर्शन केंद्रात एका तात्पुरत्या रुग्णालयाचे उद्घाटन झाले. राजपुत्र विल्यम यांनी तो विधी दूरस्थ पडद्यावरून पार पाडला. विस्तीर्ण दालनांत खाटांच्या रांगा लागल्या होत्या, प्राणवायूची सोय झाली होती, आणि ज्या आपत्तीसाठी हा सारा बंदोबस्त केला होता ती सुदैवाने त्या दालनांपर्यंत पोचली नाही, म्हणून एकही रुग्ण दाखल न होता ते रुग्णालय पुढच्या वर्षी बंद करण्यात आले. मराठी वाचकाला १६ एप्रिल ही तारीख निराळ्या कारणाने पाठ असते, कारण १८५३ साली याच दिवशी बोरीबंदरहून ठाण्याकडे चौदा डब्यांची पहिली आगगाडी निघाली होती. आणि योगायोग असा की बर्मिंगहॅमच्या त्या दालनांचाही आगगाडीशी एक जुना ऋणानुबंध होता. १९९३ पासून नोव्हेंबरच्या अखेरीस दोन दिवस ती दालने छोट्या आगगाड्यांनी भरून जात. वॉर्ली नावाच्या जवळच्याच वस्तीतील हौशी मंडळींचा एक क्लब तेथे रेल्वेच्या प्रतिकृतींचे प्रदर्शन भरवी, आणि ब्रिटनच्या सर्व भागांतून, किंबहुना समुद्रापलीकडूनही, हजारो माणसे ते पाहावयास येत.

ग्लासगोची हकीकत याहून चटका लावणारी आहे. तेथील स्कॉटिश इव्हेंट कॅम्पस या केंद्रात फेब्रुवारी २०२० च्या उत्तरार्धात स्कॉटलंडचे सर्वांत मोठे छोट्या रेल्वेचे प्रदर्शन नेहमीप्रमाणे भरले, लोकांनी नेहमीप्रमाणे एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून गाड्या पाहिल्या, आणि त्यानंतर दोन महिने पुरे होण्याआधीच, २० एप्रिलला, त्याच केंद्रात लुइझा जॉर्डन हिच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले. ही लुइझा पहिल्या महायुद्धात सर्बियात टायफस ज्वराने पछाडलेल्या सैनिकांची शुश्रूषा करताना १९१५ साली स्वतः त्याच रोगाला बळी पडलेली स्कॉटिश परिचारिका. मुंबईकरांना हे दृश्य परके वाटणार नाही. गोरेगावच्या नेस्कोच्या प्रदर्शन-मैदानाचेही असेच रुग्णालय झालेले त्यांनी त्याच वर्षी पाहिले आहे.

प्रदर्शनाची जागा रुग्णालयाने घ्यावी हे त्या काळाला धरूनच होते आणि त्याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. मला विचार करावासा वाटतो तो निराळ्या गोष्टीचा: शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आलेली, कोणाच्या वतनावर अथवा सरकारी अनुदानावर न पोसलेली, केवळ हौशी माणसांच्या श्रमांवर उभी असलेली प्रदर्शन ही जी एक संस्था, तिच्यावर या महामारीने नेमका कोणता घाव घातला, आणि तो वरकरणी दिसतो तेथेच बसला की अन्यत्र.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. रेल्वे जन्मली त्याच शतकात तिचे खेळणेही जन्मले, परंतु खेळण्याचे रूपांतर शास्त्रशुद्ध छंदात होण्यास एक अट पुरी व्हावी लागली, ती म्हणजे रुळांच्या रुंदीचे प्रमाणीकरण. जर्मनीतील ग्योपिंगेन येथील मेर्कलिन या घराण्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे, क्रमांक दिलेले रूळ मांडले, आणि आज घेतलेल्या गाडीला उद्या घेतलेला डबा जोडता येईल ही खातरजमा गिऱ्हाइकाला प्रथमच मिळाली. इंग्लंडात नॉर्दम्प्टनच्या बॅसेट-लोक यांनी १८९९ साली या धंद्यात पाऊल टाकले. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली भोके पाडलेल्या धातुपट्ट्यांच्या त्या प्रसिद्ध खेळाचे, ज्याला पुढे मेकॅनो हे नाव मिळाले, एकस्व घेतले आणि १९२० साली चावीवर चालणारी आपली पहिली आगगाडी बाजारात आणली. या आरंभीच्या गाड्या मोठ्या होत्या आणि त्यांच्यासाठी लागणारी जागा श्रीमंतांच्या हवेल्यांतच असे. १९२२ मध्ये टेबलावर मावणारी छोटी गाडी आली, १९३८ मध्ये हॉर्नबी यांच्या कंपनीने ‘डब्लो’ हा प्रकार काढला, आणि मग कारकून, शिक्षक, फिटर, पोस्टमास्तर अशा मध्यम स्थितीतल्या माणसाच्या माजघरातही रेल्वे शिरू शकली.

येथे एका तांत्रिक बारकाव्यावर थोडे रेंगाळणे मला अवश्य वाटते, कारण या लोकांच्या वृत्तीवर त्याने जितका प्रकाश पडतो तितका दुसऱ्या कशानेही पडत नाही. इंग्लंडातील खऱ्या गाड्या युरोपातील गाड्यांहून अंगाने बारीक; त्यामुळे युरोपात प्रचलित झालेल्या सत्त्याऐंशीस एक या प्रमाणात इंग्रजी इंजिन घडवले तर त्या काळची विजेची मोटर त्याच्या पोटात मावेना. तेव्हा कारागिरांनी रूळ युरोपच्याच मापाचे, साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे ठेवले आणि इंजिनाचे शरीर मात्र फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात किंचित मोठे केले. याचा परिणाम असा झाला की इंग्लंडातील प्रतिकृतींचा लोहमार्ग हिशेबाप्रमाणे हवा त्याहून दोन मिलिमीटरांहून थोडा अधिकच अरुंद राहिला. सामान्य प्रेक्षकाला जे आयुष्यात कधी जाणवणार नाही, ते या दोन मिलिमीटरांचे न्यून काही माणसांना इतके असह्य झाले की त्यांनी बाजारचे रूळ टाकून देऊन, १८.८३ मिलिमीटरांच्या अचूक अंतरावर, एकेक स्लीपर व एकेक पकड हाताने बसवून आपले मार्ग स्वतः रचले, आणि त्यासाठी आयुष्याची वीस-वीस वर्षे वेचली. अशी माणसे घरात एकटी राहिली असती तर शेजाऱ्यांनी त्यांना विक्षिप्त ठरवले असते. ती एकत्र आली म्हणून त्यांचा संप्रदाय झाला.

एकत्र येण्याची ही प्रथा १९१० पासूनची. त्या वर्षाच्या अखेरीस लंडनमध्ये ‘द मॉडेल रेल्वे क्लब’ स्थापन झाला, आणि आज तो या प्रकारचा जगातील सर्वांत जुना क्लब गणला जातो. ईस्टरच्या सुट्टीत वेस्टमिन्स्टरच्या सेंट्रल हॉलमध्ये भरणारे त्याचे प्रदर्शन हा लंडनच्या मुलांचा कित्येक वर्षे वार्षिक सण होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेची पहिली बैठक १९४६ च्या जानेवारीत ज्या सभागृहात झाली तेच हे सभागृह. मँचेस्टरमध्ये १९२५ साली अशीच संस्था निघाली, अमेरिकेत १९३५ साली मिलवॉकी येथे राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात असा जिल्हा उरला नाही की जेथे एखाद्या गावच्या शाळेत अथवा चर्चच्या सभागृहात वर्षातून एका शनिवारी छोट्या आगगाड्या धावत नव्हत्या. युद्धाने या छंदात एकदा खंड पाडला होता. १९४२ पासून धातूची खेळणी बनवण्यास सरकारची मनाई झाली आणि हॉर्नबीचे कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. मात्र युद्धाच्या दिवसांतही चार माणसांनी एका खोलीत बसण्यास बंदी नव्हती. ती बंदी पाहण्यास २०२० साल उजाडावे लागले.

प्रदर्शनात जे मांडले जाते त्याला ही मंडळी ‘लेआउट’ म्हणतात: एखादे स्थानक, त्यामागचे गाव, टेकडी, पूल, मालधक्का, सिग्नल आणि त्यांमधून वेळापत्रकाप्रमाणे जाणाऱ्या गाड्या. ते लाकडी चौकटींच्या तुकड्यांवर बांधलेले असते, जेणेकरून बोल्ट सोडले की तुकडे व्हॅनमध्ये घालून परगावी नेता यावेत. प्रेक्षकाला दिसते ते दृश्य. पार्श्वपडद्यामागे आणखी एक यार्ड असते, जेथे पाळीवर उभे राहिलेले चालक गाड्या रचून ठेवतात आणि एकामागून एक रंगमंचावर पाठवतात. आपल्या नाटकमंडळ्यांत विंगेत जे चालते तेच येथे चालते. शुक्रवारी संध्याकाळी सामान उतरवायचे, रात्री उशिरापर्यंत सांधे व तारा जुळवायच्या, दोन दिवस उभे राहून गाड्या चालवायच्या, रविवारी संध्याकाळी सारे मोडून मध्यरात्री घर गाठायचे, आणि याबद्दल लेआउटच्या मालकाला मिळते काय, तर व्हॅनचे भाडे, इंधन, मुक्कामाची व्यवस्था आणि चहापाणी. मानधन असा शब्द या व्यवहारात नाही.

यजमान क्लबाचा जमाखर्च मात्र याच दोन दिवसांवर उभा असतो. वर्षभराचे खोलीभाडे, विजेचे बिल, विम्याचा हप्ता आणि पुढच्या लेआउटसाठी लागणारे लाकूड हे सर्व त्या प्रदर्शनाच्या तिकिटांतून, दुकानदारांनी घेतलेल्या टेबलांच्या शुल्कातून आणि सभासदांच्या घरच्यांनी भाजून आणलेल्या केकच्या विक्रीतून निघते. प्रदर्शन रद्द झाले म्हणजे एक करमणूक बुडाली असे ज्यांना वाटते, त्यांनी हा हिशेब पाहिलेला नसतो. पुण्या-मुंबईच्या गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्याला तो समजावून सांगावा लागणार नाही; दहा दिवसांच्या देखाव्यासाठी वर्षभर राबणारी आणि त्या दहा दिवसांच्या वर्गणीवर वर्षभराचे उपक्रम चालवणारी मंडळे त्याने पाहिली आहेत, आणि २०२० साली सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा घातली गेली आणि लालबागला तर मूर्ती न बसवता रक्तदानाचे शिबिर भरले, तेव्हा मंडळाचा मांडव रिता राहणे म्हणजे काय याचाही अनुभव त्याने घेतला आहे.

परंतु पैशापेक्षाही मोठी अशी एक देवघेव प्रदर्शनात होते, आणि माझ्या मते संस्थेचा प्राण तेथे आहे. लेआउटच्या पुढे कमरेइतक्या उंचीवर एक दोरी बांधलेली असते. दोरीच्या अलीकडे प्रेक्षक, पलीकडे चालक. अलीकडचा मुलगा विचारतो की ही झाडे कशाची केली, आणि पलीकडचा निवृत्त इंजिनिअर गाडी थांबवून त्याला दाखवतो की जुन्या वायरीतली तांब्याची तार सोडवून तिचे पीळ कसे घालायचे, फांद्या कशा फोडायच्या, वर बारीक स्पंजाचा भुगा कसा डकवायचा. मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा येतो; आणखी काही वर्षांनी तो क्लबात जातो; आणि एके दिवशी तो दोरीच्या पलीकडे उभा असतो. पुस्तके होती, १९४९ पासून ‘रेल्वे मॉडेलर’सारखी मासिके होती, तरीही हाताची कला हातातूनच हातात जात आली, आणि तिचा मार्ग या दोरीवरून होता. आपल्याकडे दिवाळीत अंगणात किल्ला करणारे पोर जसे गल्लीतल्या मोठ्या मुलांच्या मातीत हात घालून बुरूज लिंपायला शिकते, तसेच हे.

आता महामारीच्या दृष्टीने या मेळ्याकडे पाहावे. बंद सभागृह, दोरीपाशी दाटून उभी राहिलेली माणसे, डोळे रुळांपर्यंत नेण्यासाठी एकमेकांच्या अंगावरून वाकणे, जुन्या डब्यांच्या पेटीत दहा जणांनी हात घालणे, आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे दोरीच्या दोन्ही बाजूंना साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांचा भरणा. रोगाला हवे ते सर्व या एका जागी होते. १६ मार्च २०२० ला ब्रिटिश सरकारने अनावश्यक भेटीगाठी टाळण्याचा इशारा दिला आणि सत्तरीपुढील माणसांनी विशेष कडक पथ्य पाळावे असे सांगितले. त्याच आठवड्याच्या शेवटी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये भरावयाचे मोठे प्रदर्शन रद्द झाले. २३ मार्चला संपूर्ण टाळेबंदीचे फर्मान निघाले. १२ एप्रिलला ईस्टरचा रविवार आला, आणि ज्या सणाशी छोट्या रेल्वेचे नाते तीन पिढ्यांचे होते, त्या सणाला साऱ्या ब्रिटनमध्ये एकही प्रदर्शन भरले नाही. आधी ‘तहकूब’, मग ‘पुढील वर्षी’, मग ‘रद्द’ अशा पायऱ्यांनी त्या वर्षाचे कॅलेंडर रिकामे होत गेले. सप्टेंबरच्या १४ तारखेपासून इंग्लंडात सहांहून अधिक माणसांनी जमणे बेकायदा ठरले, आणि एका मोठ्या लेआउटला चालवायला सहांहून अधिक माणसे लागतात. नोव्हेंबरात वॉर्लीचे प्रदर्शन झाले नाही. २०२१ च्या नोव्हेंबरातही झाले नाही. न्यूरेंबर्गची खेळण्यांची महाजत्रा, जेथे या धंद्यातील नवी इंजिने वर्षारंभी प्रथम मांडली जातात, ती २०२१ व २०२२ अशी लागोपाठ दोन वर्षे भरली नाही.

आणि तरीही, या छंदाला त्या काळात उतरती कळा लागली असे म्हणणे सत्याला सोडून होईल. घडले ते नेमके उलट. माणसे घरात कोंडली गेली, पोटमाळ्यावरची पेटी खाली आली, बापाच्या लहानपणीचे इंजिन तेल देऊन रुळांवर चढवले गेले, आणि तीस वर्षे ‘निवृत्तीनंतर करू’ म्हणून जे काम पुढे ढकलले होते त्याला अकस्मात मुहूर्त लाभला. हॉर्नबी कंपनीच्या आगगाड्यांचे शताब्दी वर्ष नेमके हेच होते. कित्येक वर्षे तोट्यात चाललेल्या या कंपनीची विक्री मार्च २०२१ अखेरच्या हिशेबी वर्षात २८ टक्क्यांनी वाढून सुमारे ४ कोटी ८५ लाख पौंडांवर गेली आणि ताळेबंदात पुन्हा नफा दिसला. २००९ साली दिवाळखोरीपर्यंत पोचलेल्या मेर्कलिनकडेही मागणी वाढली. माल कमी पडला, कारण इंग्रजी नावांची बहुतेक इंजिने आज चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात तयार होतात. २०२० च्या आरंभी तेथील कारखाने थांबले, मग जहाजांवरचे कंटेनर महागले, आणि १९६८ साली वाफेची शेवटची नियमित गाडी थांबलेल्या देशात वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती मिळण्यास महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली.

हॅम्बुर्गच्या ‘मिनिआटुर वुंडरलांड’ची गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ साली उघडलेले हे स्थळ जगातील छोट्या रेल्वेचे सर्वांत मोठे प्रदर्शन. तेही टाळेबंदीत बंद पडले. दर्शकांवाचून रिकाम्या झालेल्या त्या दालनांत तेथील कामगारांनी रुळांच्या कडेने पाण्याचे पेले ओळीने मांडले, प्रत्येकात स्वराला हवे तितकेच पाणी भरले, आणि धावत्या गाडीच्या आघाताने एकेका पेल्यातून एकेक स्वर उमटवत अभिजात संगीतातील रचना वाजवल्या. २०२१ च्या जानेवारीत झालेल्या या प्रयोगात २,८४० स्वर होते, आणि गाडीने वाजवलेली सर्वांत दीर्घ सुरावट म्हणून त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. ओस पडलेल्या घरात कारागिराने आपल्या कामावरची निष्ठा कशी राखावी, याचा याहून सुंदर दाखला मला ठाऊक नाही.

हे लिहिताना मनात एक शंका उभी राहते आणि ती झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून आपल्या देशातील सर्व प्रवासी गाड्या बंद झाल्या. दोन महायुद्धांत, फाळणीत, संपांतही जी संपूर्णपणे थांबली नव्हती ती भारतीय रेल्वेची प्रवासी वाहतूक थांबली. मुंबईची लोकल, जिच्यावर या महानगराचा श्वासोच्छ्वास चालतो, ती अत्यावश्यक सेवेतील माणसांसाठी सुरू होण्यासही १५ जून उजाडला. गाड्या नाहीत म्हणून मजूर रुळांच्या कडेने चालत निघाले, आणि ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडच्या परिसरात थकून रुळांवरच झोपलेल्या सोळा जणांच्या अंगावरून मालगाडी गेली. ज्या वर्षी खऱ्या रुळांवर हे घडले त्या वर्षीच्या खेळण्यातल्या रुळांचा इतिहास लिहावा काय? विचारांती मला वाटते की लिहावा. माणसाने मृत्यूच्या छायेत काय जपले याची नोंद त्याच्या मृत्यूच्या नोंदीइतकीच इतिहासाच्या दप्तरात असली पाहिजे. आणि पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून उभारलेले, १९९८ पासून लोकांसाठी खुले असलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय ज्याने मुलाचा हात धरून पाहिले असेल, त्याला या गोष्टीत पोरकटपणा दिसणार नाही. त्या वर्षी महाराष्ट्रातील संग्रहालयांना टाळे लागले तेव्हा त्या गाड्याही थांबल्याच होत्या.

प्रदर्शनांच्या अभावी इंग्लंडातील मासिकांनी २०२० च्या वसंतातच संगणकाच्या पडद्यावरची प्रदर्शने सुरू केली. क्लबांच्या साप्ताहिक बैठका झूमवर भरू लागल्या. ऑस्ट्रेलियातील माणूस यॉर्कशायरच्या माणसाचे लेआउट पाहू लागला. या खटाटोपाचे मोल मी कमी लेखत नाही. एकट्या राहणाऱ्या, जोडीदार गमावलेल्या वृद्ध सभासदांना आठवड्यातून एकदा ओळखीचे चेहरे दिसले हे औषधाइतकेच आवश्यक होते. परंतु पडद्यावर गाडी दिसते ती कॅमेऱ्याने निवडलेल्या कोनातून, निवडलेल्या क्षणी. ती रुळांवरून घसरली तर तो तुकडा कापून टाकला जातो. प्रदर्शनात गाडी घसरते, चालकाचा मोठा हात आकाशातून उतरल्यासारखा येऊन तिला सावरतो, आणि नवशिक्याला कळते की हे काम देवाचे नव्हे, माणसाचे आहे, म्हणून आपल्यालाही जमेल. पडद्याच्या अलीकडे आणि पलीकडे दोरी नव्हती. म्हणून ती ओलांडताही आली नाही.

दरम्यान क्लबांच्या खोल्या बंद होत्या. लाकूड ओल धरते, चौकटी वाकतात, सांध्यांना गंज चढतो, आणि दीड वर्ष न चाललेले लेआउट पुन्हा बोल्टांत बसत नाही. पण याहून अवघड अशी एक झीज झाली. प्रत्येक जुन्या लेआउटच्या तारांचे गूढ एखाद्याच माणसाला माहीत असते: कोणता सांधा दुपारी तापला की अडतो, कोणत्या जोडणीला बोटाने दाबावे लागते. असे काही जाणते महामारीत दगावले, काहींची उमेद खचली, काहींनी दीड वर्षाच्या सक्तीच्या विश्रांतीत ओळखले की शुक्रवारी रात्री चौकटी उचलण्याचे बळ आता अंगात उरलेले नाही. कोणताही हुकूम न निघता, कोणताही ठराव न होता, स्वयंसेवकांची एक पिढी दोरीमागून बाजूला झाली. हाच तो घाव, ज्याचा उल्लेख मी आरंभी केला. महामारीने छंद मारला नाही. छंदाला तिने घरात सुबत्ता दिली. तिने मारले ते सार्वजनिक अंगण.

२०२१ च्या १९ जुलैस इंग्लंडातील निर्बंध उठले. त्याच उन्हाळ्यात चेस्टरच्या मध्ययुगीन कॅथीड्रलमध्ये संगीत-निर्माते पीट वॉटरमन आणि त्यांच्या सोबत्यांनी टाळेबंदीच्या काळात बांधलेले ६४ फूट लांबीचे लेआउट मांडले गेले. उंच दगडी कमानींखाली धावणाऱ्या त्या गाड्या पाहावयास जे लोक आले त्यांच्या देणग्या कॅथीड्रलच्या कामी आल्या. गावोगावचे लहान क्लब शाळा आणि चर्चची सभागृहे पुन्हा घेऊ लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये वॉर्लीची मंडळी तीन वर्षांनी बर्मिंगहॅमच्या त्या दालनांत परतली, जेथे मधल्या काळात रिकाम्या खाटा मांडून ठेवल्या होत्या.

परंतु राष्ट्रीय दर्जाचे सभागृह दोन दिवसांसाठी घेणे म्हणजे मोठ्या रकमेची हमी घेणे होय, आणि ती हमी एका हौशी क्लबाच्या सभासदांनी, दिवसाची नोकरी अथवा निवृत्तीची विश्रांती सांभाळून, आपल्या शिरावर घेतलेली असते. भाडी वाढली होती, वीज महागली होती, संसर्गजन्य रोगामुळे कार्यक्रम रद्द झाल्यास भरपाई देणारा विमा आता सहजी मिळण्याजोगा राहिला नव्हता, आणि दोरीमागे उभी राहणारी माणसे कमी झाली होती. घरातल्या छंदाची भरतीही ओसरली. मार्च २०२३ अखेरच्या हिशेबात हॉर्नबी कंपनी पुन्हा तोट्यात गेली. जानेवारी २०२४ मध्ये, १९४६ पासून चालत आलेल्या हॅटन्स या विख्यात दुकानाने धंदा बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि त्याच महिन्यात वॉर्ली क्लबानेही आपले राष्ट्रीय प्रदर्शन यापुढे भरणार नाही असे कळवले.

या निर्णयाबद्दल त्या मंडळींना दोष देणे अन्यायाचे होईल. व्यापारी संस्था प्रदर्शने भरवतील, तिकिटे विकतील, दालने भरतीलही. पण ज्यात पाहणारा आणि दाखवणारा एकाच बिरादरीचे होते आणि जमा झालेला पैसा पुन्हा लाकूड, तार आणि खोलीभाडे यांतच जात होता, अशा प्रथेची जागा बाजार घेऊ शकत नाही असे माझे ठाम मत आहे. गावच्या सभागृहांतली लहान प्रदर्शने चालू आहेत, आणि या छंदाचे पुढचे कारागीर निघाले तर तेथूनच निघतील. बर्मिंगहॅमच्या दालनांत वॉर्लीच्या मंडळींनी शेवटच्या गाड्या चालवल्या त्या २५ आणि २६ नोव्हेंबर २०२३ रोजी. रविवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे बोल्ट सोडले गेले, आणि चौकटी व्हॅनमध्ये चढल्या.